चिंचगाळचे पंचवीस शहीद

आमच्या चिंचगाळात कुणाचं बारसं असो की कुणाचा दहावा, माईक माझ्याच हातात असतो. मी भीमाशंकर सर, हायस्कूलला मराठी शिकवतो, सूत्रसंचालन ही जोडीची शेती. एकदा एकाच मांडवात सकाळी श्रद्धांजली अन् दुपारी सत्कार केला होता, दोन्हीकडं एकच शेर चालून गेला. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढचं सांगायला तोंड उघडत नाही, म्हणून आधी जरा इकडचं तिकडचं बोलतोय.

आमचं शहीद स्मारक बाजारचौकात आहे, लोहाऱ्याचा रस्ता अन् उमरग्याचा रस्ता जिथं फुटतो तिथं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्या माणसांनी ते उभं केलं. पोटात काही नव्हतं, पण खांब सरळ बांधला. त्यावर शहाबादी फरशी, फरशीवर चार नावं. सिद्धेश्वर सुरवसे, पासष्टच्या लढाईतला. गुरुसिद्धप्पा बिराजदार, रंगनाथ साखरे आणि हाफिज शेख, तिघं एकाहत्तरचे. हाफिजची तार सगळ्यात उशिरा आली, म्हणून त्याचं नाव चौथ्या ओळीत.

त्र्याण्णवच्या भूकंपात खांब कलला. तेव्हा पंचनामे करणाऱ्या कुणीतरी घाईघाईत खांबालाही घर समजून लाल रंगानं नंबर टाकला अन् खाली लिहिलं, 'अंशतः पडझड'. पुढं तीस वर्षं नावं पुसट होत गेली, नंबर मात्र ठसठशीत राहिला. एक नवा पोस्टमन तर त्या नंबराला आलेली दोन पत्रं खांबाच्या फटीत खोचून गेला होता. शेजारच्या रसवंतीवाल्यानं ताडपत्रीची दोरी खांबाला बांधली. आम्ही अगदीच निगरगट्ट नव्हतो. दर पंधरा ऑगस्टला आम्ही दोरी सोडायचो, सलामी द्यायचो, अन् परत बांधायचो.

त्या दिवशी एक माणूस न चुकता यायचं. हाफिजची बायको, फातिमाबी. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा तार आली, पदरात तान्ही यास्मिन. आता यास्मिन सोलापूरला नातवंडांत आहे आणि फातिमाबी मशिदीमागच्या बोळात साड्यांना फॉल लावतात. पेन्शन आहे, काम करायची गरज नाही. पण म्हणतात, "हात खाली रह्या तो जबान चलती, सर." त्यांना उर्दू वाचता येतं, मराठी अक्षर येत नाही. म्हणून त्या फरशीवर वरून बोट खाली आणायच्या, एक, दोन, तीन, चार, आणि चौथ्या ओळीवर तळहात ठेवून जरा वेळ उभ्या राहायच्या. मग माझ्या बायकोच्या साडीचं काय झालं ते सांगून घरी जायच्या.

गेल्या वर्षी नगरपंचायतीला सुशोभीकरण मंजूर झालं. अध्यक्ष उमाशंकर अप्पा माळगे मला बोलावून म्हणाले, "मजकूर तुमी करा, सर. तुमचं शुद्धलेखन चांगलं हाय." सोलापूरहून काळा दगड आला, आरशासारखा. कोरणारा आमचाच धोंडप्पा, ज्यानं पंचक्रोशीतल्या निम्म्या समाध्या कोरल्यात.

मी कागद केला. वर पालकमंत्री, खासदार, आमदार. मग अध्यक्ष-उपाध्यक्ष धरून सतरा नगरसेवक. मग दोन स्वीकृत. मग मुख्याधिकारी, अभियंता अन् ठेकेदार. अप्पांची सूचना होती, नाव मोठं, पद बारीक. माणसाला नावानं ओळखावं, पद काय आज हाय उद्या न्हाय. आणि सगळ्यात खाली, शहीद.

धोंडप्पानं कागद दगडावर लावला, वितीनं मापला अन् डोकं खाजवलं.

"सर, पंचवीस माणसं बसली. खाली तीन ओळींची जागा ऱ्हायली. शहीद चार हायती."

"अक्षर बारीक कर."

"काळ्या दगडात बारीक अक्षर टिकत न्हाय. टवका उडतो."

"मग वरचं एखादं काढू."

अप्पा बशीतून चहा ओढत होते. थांबले. "वरचं कुठलं काढता? नगरसेवक काढला की बॉडी पडंल. ठेकेदार काढला की खांब पडंल."

"पालकमंत्री तर येणारच नाहीत म्हणे."

"म्हणून तर नाव पायजे! माणूस यायचं न्हाय, नाव तरी येऊ द्या." मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "सर, तुमी शिकल्यालं माणूस. जित्ती माणसं भांडत्यात. मेल्यालं माणूस कधी माझ्या केबिनला तक्रार घिऊन आलंय का?"

मी म्हणालो, तीन नावं घालू अन् खाली 'व इतर' लिहू. धोंडप्पा माझ्याकडं बघतच राहिला. "सर, 'व इतर'ला चौथी ओळ असती तर चौथा माणूसच नसता का बसवला?"

"एक कमी करा," अप्पा उठत म्हणाले. "कोणता ते तुमच्यावर. आपुन त्यात न्हाय."

खिशात पेपर तपासायचा लाल पेन होता. मी कागदावर वाकलो. सुरवश्यांची भावकी चाळीस घरांची, माझ्या दारात येऊन बसली असती. बिराजदाराचा पुतण्या खुद्द ठेकेदार. साखऱ्याचा भाचा उपाध्यक्ष. राहिला हाफिज. त्याच्या मागं फातिमाबी एकट्या, आणि त्यांना मराठी वाचता येत नाही. हे माझ्या मनात आलं. 'वाचता येत नाही' हेच शब्द आले. तिसरीतल्या पोराला अक्षर येत नाही म्हणून रात्री झोप न लागणारा मी मास्तर, आणि त्या दिवशी एका बाईला अक्षर येत नाही याचं मला बरं वाटलं. मी ओळ खोडली. चुकलेलं उत्तर खोडतो तशी, आडवी, सरळ.

वर मनाची समजूत घातली ती ऐका. जुनी फरशी फोडून पायाच्या भरावात टाकली होती. म्हटलं, म्हणजे हाफिजचं नाव स्मारकात आहेच की, फक्त खाली आहे. आणि माईक तर आपल्याच हातात. कार्यक्रमात चारही नावं घेऊ. दगडावर नसेना का, कानावर तर पडेल.

घरी बायकोला, गायत्रीला, सांगितलं. तिला म्हटलं, "त्यात हिंदू-मुसलमान काही नव्हतं, बरं का."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी कुठं काय म्हणलं? पण सुरवश्याचं नाव काढून दाखवायचं हुतं मग."

पंधरा ऑगस्टला चौक गच्च भरला. स्मारकाला रेलिंग, रेलिंगला झेंडूच्या माळा. पाहुणे म्हणून तेर गावाहून एक निवृत्त सुभेदार आले होते. वय ऐंशीच्या घरात, एकाहत्तरला सीमेवर लढलेले, पाठ अजून फळ्यावरच्या पट्टीसारखी. पोरांना मी आठ दिवस तयार केलं होतं. नाव पुकारलं की एका दमात 'अमर रहे'. पहिल्या रांगेत फातिमाबी, पांढरी इस्त्रीची ओढणी, हातात गुलाबाची फुलं, शेजारी मुद्दाम सोलापूरहून आलेली यास्मिन. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. माझ्या वरच्या खिशात चार नावांची चिठ्ठी होती, तिला हात लावून खात्री करत होतो.

पडदा ओढला. अप्पांनी दगडाला पाच हातांचा हार घातला. मी माईक सावरला. "आता मी शहिदांची नामावली..."

सुभेदारांनी माईक काढूनच घेतला. "नामावली मी वाचणार. फौजीची नामावली फौजीच वाचतो."

"साहेब, माझ्याकडं कागद आहे."

"दगड असताना कागद कशाला?"

ते दगडाकडं वळले. जवळचा चष्मा जीपमध्ये राहिला होता. वरच्या तीन नावांवर अप्पांचा हार आला होता, म्हणून पालकमंत्री, खासदार, आमदार वाचले. मोठी माणसं कशातूनही वाचतात. बारीक पदं सुभेदारांना दिसत नव्हती. मोठी नावं दिसत होती.

"सावधान!"

अख्खा चौक ताठ झाला. रसवंतीची घुंगरंसुद्धा थांबली.

"उमाशंकर माळगे!"

"अमर रहे!" पोरांनी चौक दणाणून सोडला.

अप्पा जागच्या जागी पांढरे पडले. सुभेदारांना ते नुसते 'अध्यक्ष साहेब' म्हणून माहीत होते. मागं बायकांत बसलेल्या अयोध्याकाकू, म्हणजे अप्पांची मंडळी, मंगळसूत्र मुठीत धरून "अगं बाई!" म्हणून ओरडल्या. मी पुढं झालो. "साहेब, साहेब, ते..."

"सावधानमध्ये बोलायचं नाही!" सुभेदार गरजले. शाळेतली सवय. माझ्या टाचा आपोआप जुळल्या.

मग एकामागून एक. उपाध्यक्ष घोषणांना इतके सरावलेले, की स्वतःच्या नावाला स्वतःच 'अमर रहे' म्हणून बसले अन् मग इकडंतिकडं बघायला लागले. वॉर्ड सहाच्या नगरसेवकानं हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला, त्याला वाटलं सत्कार चाललाय. स्वीकृत सदस्य तेवढे खूश दिसले, निवडून न येता एवढा मान त्यांना आधी कधी मिळाला नव्हता. मुख्याधिकारी गेले, अभियंता गेला, ठेकेदार गेला. प्रत्येकाच्या घरच्या बायकांत एकेक किंकाळी उठत होती. कुणी हलत नव्हतं, कारण विश्राम कुणी म्हटलं नव्हतं.

बावीस माणसं अमर होईपर्यंत पोरांचे घसे बसले. मग सुभेदार खाली वाकले. "सिद्धेश्वर सुरवसे." पोरांनी कसंबसं म्हटलं. "गुरुसिद्धप्पा बिराजदार." आवाज निम्मा. "रंगनाथ साखरे." नुसता वारा. ज्यांच्यासाठी आठ दिवस घसा तयार केला होता, त्यांच्या वाट्याला खाकरा आला.

"विश्राम!"

सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाले, "एवढ्याशा गावातून पंचवीस जवान! मला कुणी सांगितलंच नाही." मी मान डोलावली.

माईक परत हातात आला. चिठ्ठी खिशात होती. आत्ता वाचायची, एवढंच काम होतं. पण समोर अप्पा खुर्चीत कोसळलेले, लोक हसतायत, नगरसेवक धोंडप्पाला शोधतायत. मी म्हणालो, "यानंतर सर्वांसाठी अल्पोपाहाराची व्यवस्था केलेली आहे."

पोह्याच्या रांगेत फातिमाबींनी मला गाठलं. हातातली फुलं तशीच.

"सर, मैं गिनी बराबर. पच्चीस हुए."

"ते जरा... गडबड झाली, फातिमाबी."

"सारे गाँव को शहीद कर दिये तुम. अध्यक्ष को बी, ठेकेदार को बी." त्यांनी चष्मा वर केला. "मेरे आदमीच को जिंदा रखे. अच्छा किये. अब घर कब भेजते, वो बोलो. खाना क्या पकाऊँ?"

यास्मिननं त्यांचा हात धरला अन् माझ्याकडं न बघता त्यांना घेऊन गेली. माझ्या हातात पोह्याची द्रोण-प्लेट होती. लिंबू पिळून आणलं होतं.

पुढचे आठ दिवस चिंचगाळात सुतक असल्यासारखे गेले. अप्पांचं बीपी चढलं. वॉर्ड सहावाला मोटारसायकलवरून घसरला, पायाला प्लास्टर. अयोध्याकाकूंनी अप्पांना तुळजापूरला नेऊन अभिषेक केला अन् येतानाच बजावलं, "त्या दगडावरचं नाव निघाल्याबिगर घरात पाऊल टाकायचं न्हाय." सतरा घरांतून हाच हुकूम सुटला. तातडीची सभा भरली. विषय एकच, स्मारकावर जित्त्या माणसाचं नाव नको. नगरपंचायत झाल्यापासनं पहिल्यांदा ठराव एकमतानं पास झाला. विरोधकांनी तर बाकं वाजवली.

मजकूर वाचायला मला अन् धोंडप्पाला सभेत बोलावलं होतं. धोंडप्पा म्हणाला, "दुसरा दगड घडवतो. पण तीनच नावं म्हणल्यावर दगड लई मोकळा दिसंल."

अप्पा एकदम म्हणाले, "मागं चौथा कोण तरी हुता न्हवं? त्या फातिमाबीचा मालक. त्याचं नाव कसं काय गेलं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अप्पाही. ते स्वतः त्या दिवशी बशीतून चहा पीत होते, पण त्यांच्या तोंडावर असं काही निरागस आश्चर्य होतं की मलाच वाटलं, ते तिथं खरंच नव्हते की काय.

मी म्हणालो, "कोरताना राहिलं असेल."

धोंडप्पानं माझ्याकडं पाहिलं. माझी लाल रेघ असलेला तो कागद अजून त्याच्याकडं होता, मला माहीत होतं. तो फक्त काढून दाखवायचा होता. त्यानं छिन्नीची पिशवी उचलली. "व्हय," म्हणाला. "ऱ्हायलं असंल." त्याचा धाकटा माझ्या वर्गात आहे, दहावीला.

गावाला एक माणूस लागतोच. त्याला मिळाला. 'मुडदा गिळला तरी चालंल, नाव गिळू नये' असे टोमणे धोंडप्पाला पारावर बसू देईनात. सुरवश्यांनी आपल्या म्हाताऱ्याच्या समाधीचा दगड उमरग्याला करायला टाकला. धोंडप्पा रस्त्यात भेटला की आधीसारखाच म्हणायचा, "नमस्कार सर." त्या नमस्कारापेक्षा त्यानं एखादी शिवी दिली असती तर जेवण गेलं असतं. गायत्रीनं त्या महिन्यात एकही साडी फॉलला दिली नाही. म्हणाली, "कुठल्या तोंडानं जाऊ? तुमच्या का माझ्या?"

सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, दुसरं लोकार्पण ठरलं. आता अडचण अशी की पडदा ओढायला कुणी तयार होईना. अप्पा रेलिंगच्या आत पाय ठेवायला तयार नाहीत. सुभेदारांना बोलवायचं तर आधी बावीस माणसं परत जिवंत कशी झाली ते सांगावं लागलं असतं. शेवटी अप्पाच म्हणाले, "फातिमाबीला बोलवा. त्यांचाच मान हाय." मान हा शब्द आमच्याकडं असा शेवटी उरलेल्या माणसाला मिळतो.

फातिमाबी आल्या. तीच ओढणी. दोरी त्यांच्या हातात दिली. मी माईकवर सुरू झालो, "वीरपत्नी, वीरमाता, त्यागमूर्ती..."

"सर, रुको." त्यांनी दोरी ओढली नाही. "पहिले मेरेको बोलो, नाम किसने निकाला था?"

अप्पा खालून म्हणाले, "ते झालं की आता, फातिमाबी. धोंडप्पाकडून ऱ्हायलं हुतं. चूक झाली त्याची."

"धोंडप्पा मेरे घर को आया था. माफी मांगा. मैं पूछी, तूने निकाला? तो चुप बैठा." फातिमाबींनी गर्दीत मागं उभ्या असलेल्या धोंडप्पाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पचास साल से फॉल लगाती मैं, सर. टाका देखके बोलती, किसके हात का है. ये टाका धोंडप्पा का नै."

अप्पा चपलेकडं बघायला लागले.

"तुमी माईकवर समद्या गावाची नावं घेता," त्या आता मराठीत बोलल्या, सगळ्यांना कळावं म्हणून. "आज एक नाव माझ्यासाठी घ्या. ज्यानं खोडलं त्याचं. मग मी दोरी वडते."

इतकी वर्षं माझ्या तोंडात शब्द कमी पडला नव्हता. मेलेल्या माणसाचे नसलेले गुण मी अर्धा तास सांगितलेत. आता एक वाक्य सांगायचं होतं. दोन शब्दांचं. मी माईक तोंडाशी नेला, श्वास घेतला, आणि लाईट गेली.

खरं सांगतो, मला देव पावल्यासारखं झालं. मी माईक खाली केला, दोन पावलं त्यांच्याजवळ गेलो अन् त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणालो, "मी खोडलं, फातिमाबी. माझ्या लाल पेननं."



"मालूम है मेरेको," त्या म्हणाल्या. "मेरेको नै बोलना था. इनको बोलना था."

"पण लाईट..."

"आयेगी ना. जाती कहाँ है?"

त्यांनी दोरी रेलिंगला गुंडाळली. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या खुर्चीत, अप्पांच्या शेजारी, जाऊन बसल्या. पिशवीतून एक साडी काढली, सुईत दोरा ओवला अन् फॉल लावायला लागल्या. कुणी उठेना. पोरं ऊन चुकवत सरकत होती. अप्पा घाम पुसत होते, पण त्यांनाही उठता येईना. धोंडप्पा मागं तसाच उभा. मी स्टेजवर, हातात मुका माईक, चाळीस मिनिटं. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं अन् मला एकही शेर आठवत नव्हता.

मग माईकनं शिट्टी मारली. स्पीकर खरखरला. फातिमाबींनी दोरा दातानं तोडला, साडीची घडी केली अन् मान वर केली.

मी म्हणालो, "धोंडप्पाची चूक नाही. नाव मी खोडलं. भीमाशंकर मास्तरनं."

स्पीकर नवे होते. आवाज लोहाऱ्याच्या रस्त्यापर्यंत गेला. कुणी टाळी वाजवली नाही.

फातिमाबी उठल्या आणि दोरी ओढायला गेल्या.